देवमाशाचे दर्शन आणि दर्शनाचा दर

देवमाशाविषयी चिंचपोकळीत राहणाऱ्या आणि महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. दिसतात ते रेल्वेचे रूळ आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे. परंतु या भागाचे समुद्राशी असलेले नाते खिडकीवर अवलंबून नाही. लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी येथील चाळी ज्यांनी भरल्या, त्या गिरणी कामगारांत कोकणातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यांची मुले आणि नातवंडे आज शिक्षक आहेत, बँकांत व कचेऱ्यांत आहेत, महाविद्यालयांत शिकत आहेत. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारा हा चाकरमानी आता दिवाळीत व मे महिन्यात पर्यटक म्हणूनही कोकणात उतरतो. मालवण, तारकर्ली, देवबाग येथे होडीत बसून ‘डॉल्फिन दाखवा’ म्हणणाऱ्यांत आमच्याच गल्लीतली माणसे असतात. तेव्हा समुद्रातील या मोठ्या प्राण्यांकडे कसे पाहावे, हा प्रश्न चिंचपोकळीचाही आहे.

वर्तमानपत्रांतून देवमासा आपल्याला भेटतो तो बहुधा दोन प्रकारे. एक म्हणजे किनाऱ्याला लागलेला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा वाळूत रुतला आणि गावकऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी खटपट करूनही वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर एका देवमाशाचा प्रचंड मृतदेह वाहून आला. दुसरी भेट पोलिसांच्या बातमीतली: अमुक ठिकाणी अमुक कोटींची ‘व्हेलची उलटी’ पकडली. एकीकडे शव आणि दुसरीकडे तस्करीचा माल. आपल्या वाटेने चाललेला, श्वास घेण्यासाठी पाण्यावर आलेला जिवंत देवमासा आपल्या बातम्यांत क्वचितच असतो. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरच्या समोर निळे देवमासे पिल्लासह दिसल्याचे संशोधकांनी नोंदविले, तेव्हा असा समुद्र आपल्या दाराशी आहे याचेच अनेकांना आश्चर्य वाटले.

आश्चर्य ओसरले की इच्छा जागी होते. जे आहे ते पाहावे, जवळून पाहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की ही इच्छा कोणत्या अटींवर पुरी व्हावी आणि तिची किंमत कोणी मोजावी. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे थोडे बोलण्याचा अधिकार आहे, असे मला वाटते. त्यापेक्षाही, माझ्या हातून या बाबतीत एक चूक झाली आहे, म्हणून बोलणे मला भाग आहे.

एका सौद्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी कला शाखेच्या विद्यार्थ्यांची एक सहल घेऊन मी सिंधुदुर्गात गेलो होतो. देवबागला दोन होड्या ठरवायच्या होत्या. घासाघीस माझ्याकडे होती. मी होडीवाल्याला म्हणालो, “डॉल्फिन दिसले तर ठरलेले पैसे, नाही दिसले तर निम्मे.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग ‘बरा’ म्हणाला. विद्यार्थ्यांसमोर मी हा सौदा मोठ्या समाधानाने समजावून सांगितला: जोखीम ग्राहकाने का घ्यावी, माल मिळाला तरच पैसे, वगैरे. पुस्तकातला धडा व्यवहारात उतरला, अशी माझी समजूत होती.

सकाळी आम्ही निघालो. अर्धा तास काहीच दिसले नाही. होडीवाला बोलेनासा झाला. मग दूर कुठेतरी एक करडी पाठ पाण्यावर आली आणि त्याने इंजिनाचा वेग वाढवला. त्याच दिशेने आणखी चार होड्या वळल्या, कारण त्यांच्यातही आमच्यासारखेच ग्राहक बसलेले होते. तीन डॉल्फिन होते. त्यांतले एक पिल्लू आईच्या कुशीला चिकटून पोहत होते. ते डावीकडे वळले की पाचही होड्या डावीकडे, उजवीकडे वळले की उजवीकडे. “अजून जवळ घ्या,” असे ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता. दहा मिनिटांनी ते खोल गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. मी पूर्ण पैसे दिले.

त्या रात्री मुले आपापल्या मोबाइलवरील छायाचित्रे एकमेकांना दाखवीत होती. शेदोनशे छायाचित्रे असतील. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात एकच दृश्य होते: आमच्याकडे पाठ करून दूर जाणारे प्राणी आणि चौकटीच्या कडेला दुसऱ्या कुठल्यातरी होडीचे नाक. एका मुलीने शांतपणे विचारले, “सर, आपण त्यांना बघत होतो की पळवत होतो?” मला उत्तर देता आले नाही. या लेखाचा पुढील भाग हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टिपण समजावे.

दोष कोणाचा?

अशा वेळी होडीवाल्याला दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो अडाणी आहे, त्याला निसर्गाची पर्वा नाही, असे शहरातला सुशिक्षित माणूस सहज म्हणतो. वस्तुतः होडीवाला माझ्या अटीप्रमाणे वागत होता. मी त्याला समुद्रावरच्या एका सकाळीसाठी पैसे देत नव्हतो. प्राण्याच्या दर्शनासाठी देत होतो. प्राणी रानटी आहे, तो वेळापत्रक पाळीत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर होडीवाल्याचा ताबा नाही, तिची सारी जोखीम मी त्याच्या डोक्यावर टाकली होती. ती जोखीम त्याने कोणाच्या डोक्यावर टाकावी? त्याच्यापेक्षा दुर्बळ असलेला एकच पक्ष त्या व्यवहारात शिल्लक होता. तो पाण्यात पोहत होता. ‘दिसले नाहीत तर पैसे नकोत’ ही अट गोव्याच्या किनाऱ्यावर जाहिरातीसारखी सांगितली जाते. ग्राहकाला ती प्रामाणिकपणाची हमी वाटते. खरे म्हणजे ती पाठलागाची हमी आहे.

दुसरी गोष्ट होड्यांच्या संख्येची. समुद्रातील डॉल्फिन कोणाच्याच मालकीचे नाहीत. एखादा होडीवाला समंजसपणे लांब थांबला, तर त्याचे ग्राहक नाराज होतात आणि प्राणी मात्र उरलेल्या चार होड्यांमुळे जायचे ते जातातच. संयमाचा तोटा एकट्याचा आणि फायदा सर्वांचा असेल, तर एकटा माणूस फार काळ संयमी राहू शकत नाही. गायरान, भूजल, मासळी या सर्वांच्या बाबतीत हेच घडत आले आहे. याचा अर्थ उपाय नाही असा नव्हे; उपाय एकेकट्याच्या सद्गुणावर सोपवून चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात वावरणारे हे डॉल्फिन मुख्यतः ‘हंपबॅक डॉल्फिन’ जातीचे. पाठीवर कुबडासारखा उंचवटा असल्यामुळे हे नाव पडले. ही जात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘धोक्यात आलेली’ म्हणून नोंदलेली आहे. तिचाच एक प्रचंड नामबंधू याच समुद्रात राहतो: हंपबॅक देवमासा. तो पर्यटकांच्या होडीसमोर सहसा येत नाही. परंतु डॉल्फिनच्या बाबतीत जी सवय आपण लावून घेऊ, तीच उद्या देवमासा दिसल्यावर आपल्या हातून घडेल. आणि त्याच्या बाबतीत चूक करायला आपल्याकडे फारशी सवड उरलेली नाही.

शंभराच्या आतले शेजारी

जगातील इतर हंपबॅक देवमासे दरवर्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरतात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात येऊन पिल्ले देतात. अरबी समुद्रातले हंपबॅक तसे करीत नाहीत. ते येथेच चरतात, येथेच वितात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ तळाचे थंड, पोषक पाणी वर येते आणि माशांची रेलचेल होते. ज्या पावसाची आपण वाट पाहतो, त्याच वाऱ्यांवर त्यांचेही पोट चालते. जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की सुमारे ७० हजार वर्षे हा समूह इतरांपासून वेगळा पडलेला आहे. ओमानच्या परिसरात त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. आमच्या एका चाळीत याहून अधिक माणसे राहतात.

ते आपल्या बाजूलाही येतात. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारे यंत्र बसविण्यात आले. तिच्या शेपटीवरील ठिपक्यांत तेथील लोकांना धुपाच्या झाडाचा आकार दिसला, म्हणून तिचे नाव ‘लुबान’ ठेवले. अरबीत लुबान म्हणजे धूप. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, तेथून दक्षिणेस भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा परतली. त्याच वर्षी गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली केलेल्या ध्वनिमुद्रणात हंपबॅक नराचे गाणे सापडले.

ही संख्या इतकी थोडी का, याचे उत्तर एका अर्थी आमच्या विषयाचे आहे. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत सोव्हिएत संघाच्या ताफ्यांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. त्यांतले बहुतेक १९६६ च्या नोव्हेंबरातले. ही शिकार बेकायदा होती, ती लपविली गेली आणि तिचा तपशील सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तेथील शास्त्रज्ञांनीच उघड केला. या ताफ्यांचे यश टनांत मोजले जाई. उद्दिष्ट ओलांडले की बक्षीस मिळे आणि पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट वाढे. त्या मांसाची व चरबीची देशात कितपत गरज आहे, हा प्रश्न दुय्यम होता. त्यापूर्वी शतकभर भांडवलशाही देशांनी हेच नफ्यासाठी केले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या कापड गिरण्यांतल्या चात्यांना जे वंगण लागे, त्यात देवमाशाचे तेल असे. नफ्याचा बाजार असो की नियोजनाचा आकडा, मोजमाप चुकीचे निवडले की शेवट एकच होतो. माझ्या देवबागच्या सौद्यातही मोजमापच चुकले होते.

१९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय घेतला. १९८२ हे वर्ष गिरणगावात गिरणी संपाचे म्हणून ओळखले जाते; आमच्या घरात त्या वर्षाची दुसरी कोणतीही आठवण नाही. त्याच वर्षी जगात दुसरीकडे कोणीतरी एका निराधार पक्षाच्या बाजूने निर्णय घेतला होता, हे मला फार उशिरा कळले. त्या निर्णयानंतर जगातील अनेक समुद्रांत हंपबॅकांची संख्या पुन्हा वाढली. अरबी समुद्रातला हा छोटा समूह मात्र अजून सावरलेला नाही. शिकारीची भीती गेली. जाळ्यांत अडकणे, जहाजांची धडक, पाण्यातला कोलाहल हे धोके उरले. त्यांत हौशी पाहुण्यांची भर पडता कामा नये.

गाणाऱ्यापुढे कसे बसावे

१९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात पाठविली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांच्यासोबत जी ध्वनिमुद्रिका गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि हंपबॅक देवमाशांचा आवाजही आहे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेली गायिका आणि गोव्याच्या समोरही गाणारा हा जलचर, दोघांचेही स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेले आहेत. गिरगाव-दादरच्या मैफलीत वाढलेल्या श्रोत्याला गाणाऱ्यापुढे कसे बसावे हे शिकवावे लागत नाही. आलाप चालू असता कोणी उठून व्यासपीठावर चढत नाही, गायकाच्या तोंडासमोर दिवा धरीत नाही, दोन साथीदारांच्या मधून वाट काढीत नाही. देवमाशाच्या जवळ जाताना पाळावयाचे नियम याहून फारसे वेगळे नाहीत.

जगभर जेथे देवमासे पाहण्याचा व्यवसाय रुजला, तेथे हे नियम अनुभवातून घडले आहेत. हवाई बेटांभोवती हंपबॅकपासून १०० यार्डांच्या आत जाण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियात होडीने १०० मीटरांच्या आत जायचे नाही आणि पिल्लू बरोबर असेल तर ३०० मीटर दूर राहायचे. प्राण्याच्या समोरून किंवा थेट मागून जायचे नाही. बाजूने, समांतर, त्याच्याच संथ गतीने जायचे. आई व पिल्लू यांच्या मध्ये यायचे नाही. एका वेळी मोजक्याच होड्या. बाकीच्यांनी लांब थांबायचे. प्राणी स्वतःहून जवळ आला तर यंत्र मोकळे सोडून स्वस्थ राहायचे. तो निघाला तर त्याच्या मागे जायचे नाही. अन्न टाकायचे नाही, पाण्यात उडी घ्यायची नाही, आरडाओरडा करायचा नाही, त्याच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालू द्यायचा नाही.

या नियमांमागे भावुकता नाही, शरीरशास्त्र आहे. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि खूप लांब पोहोचतो. देवमाशांचे जग डोळ्यांपेक्षा कानांनी बनलेले आहे. पाच इंजिनांचा गलका म्हणजे त्यांच्यासाठी दाट धुके. पिल्लू महिनोन् महिने आईच्या दुधावर असते. तिला ज्या वेळी पाजायचे व विसावायचे असते, त्या वेळी पळावे लागले तर खर्च तिच्या साठवलेल्या चरबीतून होतो. एका होडीने, एका सकाळी, काही बिघडत नाही, असे आपण म्हणतो. प्रत्येक होडी रोज सकाळी हेच म्हणत असते.

छायाचित्राचे प्रयोजन

छायाचित्र घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. उलट देवमाशांच्या अभ्यासात छायाचित्राइतके उपकारक साधन थोडेच असेल. हंपबॅक खोल बुडी घेताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. त्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणा प्रत्येक प्राण्याच्या वेगळ्या असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. लुबान ओळखू आली ती अशाच खुणांवरून. जगभरचे संशोधक या छायाचित्रांच्या नोंदवह्या ठेवतात. त्यांतून कोण जिवंत आहे, कोण कोठून कोठे गेले, कोणाबरोबर पिल्लू आहे, हे कळते. गंमत अशी की हे सर्वांत उपयुक्त छायाचित्र प्राणी दूर जात असतानाच, त्याच्या मागच्या अंगाने, लांबूनच मिळते. त्यासाठी पाठलाग लागत नाही. थांबण्याची तयारी आणि दिनांक, वेळ, ठिकाण टिपून ठेवण्याची शिस्त लागते.

अडचण आपल्या हातातील साधनाची आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लांबचे नीट टिपता येत नाही. म्हणून भिंगाची उणीव आपण होडी जवळ नेऊन भरून काढतो. कॅमेऱ्यातली बचत आपली आणि तिचा खर्च प्राण्याचा, असा हा हिशेब आहे. ज्याच्याजवळ दूरवरचे टिपणारे भिंग नाही, त्याने डोळ्यांनी पाहावे. शंभर मीटरांवरून हंपबॅकचा फवारा व शेपटी साध्या डोळ्यांना उत्तम दिसते. ती मोबाइलच्या पडद्यावर मात्र मुंगीएवढी येते, आणि नेमके हेच आपल्याला सोसत नाही. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला हजारो हात मोबाइल घेऊन वर होतात. मूर्तीकडे नुसते पाहणारा त्या गर्दीत वेगळा पडतो. तेथे मूर्तीचे काही बिघडत नाही. समुद्रात बिघडते.

छायाचित्राचा एक चांगला वापर आपल्याच राज्यात होत आला आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडून दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस आणली. पुरावा म्हणून मच्छीमाराने मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे वा चित्रफीत लागते. हाच तो मोबाइल आणि हाच तो समुद्र. परंतु येथे छायाचित्र प्राण्याला सोडल्याचे आहे, गाठल्याचे नाही. योजनेची रचना बदलली आणि साधनाचा अर्थ बदलला.

याउलट प्रसंगही येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक जिवंत पिल्लू लागले. शासकीय यंत्रणा आणि स्थानिक माणसे यांनी दोन दिवस झटून ते समुद्रात नेऊन सोडले. तरीही ते वाचले नाही. अशा वेळी सुट्टीवर आलेल्या आपल्यासारख्यांना करता येण्याजोगे काम एकच असते: बाजूला होणे, इतरांना बाजूला करणे आणि जाणत्या माणसांना वाट मोकळी ठेवणे. न पाहणे हाही कधीकधी आदराचाच प्रकार असतो.

मोल आणि किंमत

येथे दोन आक्षेप येतील. पहिला पोटाचा. मासळी कमी झाली, डिझेल महागले, कोकणातल्या तरुणाला पर्यटनाने चार पैसे मिळू लागले. त्यावर शहरातल्या प्राध्यापकाने नियम लादू नयेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच नियमांचा भार होडीवाल्यावर न टाकता प्रथम ग्राहकाने उचलावा, असे मी म्हणतो. २००८ च्या एका जागतिक पाहणीनुसार त्या वर्षी ११९ देशांत १ कोटी ३० लाख लोकांनी देवमासे-डॉल्फिन पाहण्यासाठी सफरी केल्या आणि त्यांतून २१० कोटी डॉलर्सची उलाढाल झाली. या धंद्यात पैसा आहे. पण ज्या खाडीत प्राण्यांचा रोज पाठलाग होतो, ती खाडी प्राणी सोडून जातात. मग होडी उरते, गिऱ्हाईक उरत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंकडून येईल: देवमाशाची रीतसर किंमत काढा, म्हणजे लोक त्याला जपतील. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात २०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या देवमाशाचे मोल २० लाख डॉलर्सहून अधिक असल्याचे मांडले; तो शरीरात साठवतो तो कार्बन आणि पर्यटन यांचा हिशेब करून. हेतू चांगला आहे. परंतु ‘उलटी’ विकणारा तस्करही त्याची किंमतच सांगत असतो. जी गोष्ट केवळ किमतीने वाचते, ती अधिक किंमत देणाऱ्याच्या हाती कधीतरी जाते. आपल्या भाषेने या प्राण्याला व्हेल म्हणण्याआधी देवमासा म्हटले. तो मासा नाही, सस्तन आहे, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण नावातला पहिला शब्द चुकीचा आहे, असे कोणी म्हणत नाही.

कायदाही या बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात देवमासे व डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबरच प्राण्याला हाकणे, त्याचा पाठलाग करणे यांचाही समावेश आहे. प्रत्येक पर्यटक होडीला ही व्याख्या लावावी, असे मला सुचवायचे नाही. परंतु पाठलाग आणि शिकार हे शब्द कायद्याने एका ओळीत ठेवले आहेत, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

मग करावे काय? समुद्रावर टेप घेऊन शंभर मीटर मोजणारा शिपाई नेमता येणार नाही. पण मुंबईतल्या शेअर टॅक्सीच्या थांब्यावर रोज काय घडते ते पाहावे. तेथे टॅक्सीवाले प्रवाशामागे धावत नाहीत, कारण रांग ठरलेली आहे आणि प्रत्येकाला आपली पाळी येणार हे ठाऊक आहे. होडीवाल्यांच्या संघटनांनी, ग्रामपंचायती व बंदर खात्याच्या मदतीने, अशीच पाळी ठरवावी: एका ठिकाणी एका वेळी दोनच होड्या, पंधरा मिनिटे, मग पुढच्या दोन. भाडे समुद्रसफरीचे असावे, दर्शनाचे नव्हे. पाणी, पक्षी, किल्ला, मासेमारी यांविषयी चार गोष्टी सांगणाऱ्या होडीवाल्याला त्याबद्दल जादा पैसे मिळावेत. माहिती हीही सेवा आहे आणि ती देण्यासाठी कोणाला पळवावे लागत नाही.

आणि आपण? शाळा-महाविद्यालयांच्या सहली आखणारे शिक्षक, प्रवास सवलत घेऊन कुटुंबासह निघणारे कर्मचारी, गट करून जाणारे विद्यार्थी, यांच्या हातात एक साधी गोष्ट आहे. होडी ठरवतानाच सांगावे की काही दिसले नाही तरी पूर्ण पैसे मिळतील, आणि पाठलाग केला तर मात्र आम्ही परत फिरू. या एका वाक्याने जोखीम जेथे असायला हवी तेथे, म्हणजे हौस करणाऱ्याच्या खिशात, परत येते.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा विद्यार्थ्यांना घेऊन देवबागला गेलो. होडीवाला दुसरा होता. मी त्याला ही अट सांगितली. त्याने ती दोनदा विचारून घेतली, मग हसला आणि इंजिनाचा वेग कमी करीत म्हणाला, “मगे घाई कित्याक?” त्या सकाळी आम्हाला डॉल्फिन दिसले नाहीत. मुलांनी समुद्र पाहिला. मी पूर्ण पैसे दिले, आणि त्या पैशांबद्दल मला अद्याप खेद वाटलेला नाही.